फळीवाले पाहुणे आणि आमच्या गल्लीचा चहा

सगळ्यांत आधी आली ती बँकेतली देवयानी. बाकी चौघांची गाडी अजून नगरच्या अलीकडं अडकलेली, अन ही बाई रातराणीनं वाळूजला उतरून, रिक्षाच्या टपाला आपली फळी दोरीनं बांधून आमच्या बजाजनगरात हजर. सकाळच्या शिफ्टवाले कंपनीच्या बसची वाट बघत उभे होते, ते सगळे त्या फळीकडंच बघायला लागले. समोरच्या शकुंतलाबाईंनी तर दार उघडून मला हळूच विचारलं, "का हो, ऋतुजाला बघायला आले का पाहुणे?"

"व्हय," मी म्हणलं, "पाच जण यायलेत. त्यातल्या दोन बाया हायत, अन एकाला नातू झालाय. तुम्हीच पसंत करा कोण करायचा ते."

त्यांनी दार लावून घेतलं. दुपारपर्यंत अख्ख्या बिल्डिंगला कळलं होतं की आमच्याकडं इमानाचे पंख घेऊन माणसं आलीत.

आता नीट सांगते, कारण ह्या सहलीला जायचं कुणाच्या मनात आलं तर आधी समजलेलं बरं. ऋतुजा माझी नात, थोरल्या मुलाची मुलगी. खेळाच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. तिचा अभ्यास काय, तर सर्फिंग करणाऱ्या हौशी माणसांचा दम मोजायचा. सर्फिंग म्हणजे समुद्राच्या लाटेवर फळी टाकायची अन तिच्यावर उभं राहायचं. हौशी म्हणजे ज्यांचं पोट त्याच्यावर नाही. कुणी बँकेत, कुणी शाळेत, सुट्टी मिळाली की समुद्रावर. मला वाटायचं सगळा जोर पायात लागत असंल. ऋतुजा म्हणाली, "नाही आज्जी, उभं राहणं घडीभराचं. बाकी सगळा वेळ पालथं पडून हातानं पाणी मारत जायचं. खरा दम तिथं लागतो."

समुद्रावर मोजलं तर लाटा अन वारा मधे येतात, एकाला कष्ट जास्ती, एकाला कमी. म्हणून पाणी पाहिजे थोपवलेलं, बिनलाटेचं. अन श्वास मोजायचं मशीन तिच्या कॉलेजचं, ते जिल्ह्याबाहेर न्यायला देत नाहीत. तेव्हा समुद्रवाल्यांनाच इकडं बोलवायचं ठरलं, अन थोपवलेल्या पाण्याला माझं माहेर कामाला आलं. पैठणच्या अलीकडं, धरणाच्या पाण्याच्या, म्हणजे नाथसागराच्या काठावर माझ्या भावाचं गाव आहे. गावाचं नाव लिहीत नाही. उगा गर्दी झाली तर भाऊ माझ्याशी बोलायचा नाही.

मशीन मिळालं होतं सोमवारी सकाळपर्यंत. त्याच्यापुढं परीक्षा होईस्तोवर ते दुसऱ्या पोरांना दिलेलं. पाचातला एक जरी कमी पडला तरी काम धरणार नाही, असं तिच्या सरांनी बजावलं होतं. ऋतुजाचं एक वर्ष आधीच पायाच्या दुखण्यात गेलेलं. दुसरं गेलं तर कॉलेज सोडून देईन, असं ती तिच्या आईला म्हणाली होती, मी भिंतीपलीकडून ऐकलं. मला बोलली नाही. पण मी तिच्यासंगं निघाले ती हे ऐकूनच. तसे माझे गुडघे आता जिन्यालाही कुरकुर करतात.

नियम एकच होता अन तो ऋतुजानं मला चारदा सांगितला. पाण्यात उतरायच्या आधी तीन तास पाहुण्यांच्या पोटात काही जाता कामा नये, चहा तर मुळीच नको. खाल्लं की शरीर पचवायच्या मागं लागतं, चहानं काळीज धडधडतं, अन मशीन खोटं बोलायला लागतं. मी म्हणलं, एवढंच ना?

एवढंच. मला तरी काय माहीत.

शनिवारी अंधारातच निघालो. एसटीनं जायचं असंल तर शहरातल्या मोठ्या स्टँडवरून पैठणच्या गाड्या सारख्या असतात, पण पाच फळ्या कोण घेणार? आम्ही टेम्पो केला. भाडं आधीच ठरवून घ्या, अन परतीचं धरून ठरवा. आमच्या टेम्पोवाल्यानं फळ्यांचं भाडं निराळं मागितलं, त्याच्याशी भांडण्यातच माझा अर्धा दम गेला. रस्त्याचं म्हणाल तर बिडकीनपर्यंत एका बाजूला खोदलेलं, दुसऱ्या बाजूला मोठाले ट्रक. धुळीनं केस पांढरे झाले. माझे होतेच, बाकीच्यांचे झाले. तोंडाला रुमाल बांधा अन पाठीमागं बसू नका. मी मागं बसले होते. माझी कंबर अजून त्या खड्ड्यांचं नाव घेते.

बिडकीनला भज्यांची कढई लागलेली. नुसता वास! पाच पाहुणे टेम्पोत शहाण्यासारखे बसून राहिले. मी म्हणलं, मला कुठं पाण्यात उतरायचंय, अन एक प्लेट भजी, वर तळलेली मिरची, उभ्यानं खाल्ली. लई झकास. तिथं एक म्हातारा मुसलमान चाचा दूध घालायला आला होता. टेम्पोवरल्या कापडात गुंडाळलेल्या फळ्या बघून त्यानं टोपी सारखी केली अन मला हळूच विचारलं, "अम्मा, मय्यत किसकी है?"

"कुणाची नाय हो चाचा," मी म्हणलं. "सगळे आत जिते बसलेत. उपाशी हायत म्हणून गप हायत."

गावात पोचलो तेव्हा ऊन नुकतं पडायला लागलं होतं. माझा भाऊ, रामभाऊ, धाकटा माझ्याहून, पण आता माझ्याहून म्हातारा दिसतो. तो वेशीपर्यंत आला होता. त्याची बायको कौसा तांब्या घेऊन दारात. पाय धुतले, बसलो, अन मी तोंड उघडायच्या आत पाच कप चहा पाच माणसांच्या हातात होता.

"कौसा, त्यांना चहा नको," मी म्हणलं.

"आवो वन्सं, घोटभर तर हाय. कुठून कुठून आली माणसं, अन कोरड्या तोंडानं पाण्यात उतरायची?"

पाहुण्यांत एक मालवणकडचे मास्तर होते, त्यांनाच नातू झालेला. माणूस इतका गरीब की त्याला कुणाला नाही म्हणता येत नाही. त्यांनी एक घोट घेतला. एकानं घेतला की बाकीच्यांनी न घेणं बरं दिसत नाही. तेवढ्यात शेजारची सखूबाई आली: त्यांच्याकडं घेतला, मग आमच्याकडं का नाय? आमच्या गल्लीत असंच आहे. एका घरी चहा झाला की पुढच्या घराला टाळता येत नाही. टाळलं तर वर्षभर त्या घराशी बोलणं बंद. पाण्यापर्यंत जाईस्तोवर आठ घरं. तिसऱ्या घरात धपाटे होते, दही होतं. पाचव्या घरात पेढे, कारण त्यांच्या पोराला बिडकीनच्या नव्या कारखान्यात नोकरी लागली होती. ऋतुजा पुढून नको नको करत होती, मी मागून. कोण ऐकतं!

पाण्यावर गेलो. परवानगी रीतसर काढलेली होती, पक्ष्यांची जागा आहे ती, तसं कुणीही उठून उतरू नका. गणपत भोई आपली होडी घेऊन पहाऱ्याला होता. त्याला विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, खाली कुठं जाळं आहे अन कुठं गाळ हे त्यालाच ठाऊक. पाणी कसं तर ताटात ठेवल्यासारखं. ऋतुजानं लांबवर दोन पिवळे डबे तरंगत बांधले. शिट्टी वाजली की एका डब्यापासून दुसऱ्यापर्यंत पालथं पडून हात मारत जायचं, अन शिट्ट्या हळूहळू घाईनं वाजायला लागतात. जो मागं पडला त्यानं काठाला यायचं, की लगेच ती त्याच्या नाकातोंडावर मास्क दाबणार. मास्कला नळी, नळीला मशीन. श्वासातली किती हवा अंगानं वापरली ते त्याच्यात उमटतं. छातीला एक पट्टाही असतो, तो काळजाचे ठोके सांगतो.

मास्तर उतरायच्या आधीच पट्टा ठोके मोजायला लागला अन ऋतुजाचं तोंड उतरलं. नुसते उभे होते, तरी काळीज पळत होतं. तरी गेले. दोनदा डब्याला वळसा घातला अन पोट धरून पाण्यातच थांबले. गणपतनं होडीत घेतलं. काठाला आल्यावर मला म्हणाले, "आजये, नाय म्हणूक जमूक नाय माका." आजये म्हणजे आजी, त्यांच्याकडं असंच हाक मारतात. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, दुसरं काय करणार.

ऋतुजानं सकाळचं सगळं रद्द केलं. सांजेला परत उतरायचं ठरलं.

दुपारी ऊन असं की ओसरीवर कुत्रीसुद्धा श्वास टाकीत पडलेली. मीही पडले. पाय ठणकत होते, डोळा लागत नव्हता, अन डोक्यात एकच, ह्या गल्लीला नाही कसं म्हणायचं. मग मला सुचलं. उपास! उपास म्हणलं की गावात कुणी घासाचा आग्रह करत नाही. जेवणं झाल्यावर मी कौसाला, सखूबाईला, सगळ्या बायांना बोलावून सांगितलं: आता सांजेपर्यंत पाहुण्यांचा उपास आहे, कुणी काही देऊ नका. सगळ्यांनी मान हलवली. सखूबाईनं तर हात जोडले. मला स्वतःचंच लई कौतुक वाटलं अन मी अर्धा तास गाढ झोपले.

उठले तर ओसरीवर साबुदाण्याची खिचडी.

नुसती खिचडी नाही हो. भगर, शेंगदाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, वर केळी. गल्लीतल्या प्रत्येक घरातून एक एक ताट आलं होतं. उपासाचं माणूस पाण्यात उतरणार, अंगात ताकद नको का? देवयानीच्या तोंडात घास होता अन डोळ्यात पाणी. "आजी," ती म्हणाली, "त्या मावशी समोर बसून भरवायलाच लागल्या."

कौसा बिचारी म्हणते, "वन्सं, तुम्हीच म्हणलात ना उपास हाय?"

चूक माझीच. ह्या गावात उपास म्हणजे रोजच्याहून जास्ती खायचा दिवस, हे मी इथंच जन्मून विसरले.

ऋतुजा काठावर जाऊन बसली होती, मशीन मांडीवर, तोंड पाण्याकडं. मी शेजारी बसले. बसायला गुडघ्यांनी वेळ घेतला. जिथं ते पिवळे डबे तरंगत होते तिथं खाली आमचं जुनं गाव आहे, धरणात गेलेलं. माझ्या बापाचा जोंधळा तिथं व्हायचा. हे तिला सांगावं असं मनात आलं, पण तिला आता जोंधळ्याचं काय.

"आज्जी, उद्या सकाळ एवढीच उरली," ती म्हणाली. "उद्या रात्री त्यांची गाडी आहे. उद्या पण असंच झालं ना, तर मी नाही परत सरांसमोर जाणार. खरंच नाही. मी थकले."

एवढीशी पोर, अन थकले म्हणते. मी तिच्या वयात ह्याच गावात डोक्यावर पाटी घेऊन धरणाच्या कामावर जात होते, तरी मला असं थकलेलं आठवत नाही. पण थकणं ज्याचं त्याचं असतं. मी म्हणलं, बरं.

सांजेला रामभाऊ गोठ्यात वैरण टाकत होता. मी जाऊन त्याला सगळं सरळ सांगितलं. मशीन परवा जाणार, पोरीचं वर्ष जाणार, अन आपल्या चहानं जाणार. आडपडदा ठेवला नाही. सकाळीच सांगितलं असतं तर एवढं झालंच नसतं, पण माहेरी जाऊन तुमचा चहा नको म्हणायला माझीही जीभ उचलत नव्हती.

त्यानं पेंढी खाली ठेवली. "अक्का, ते समदं खरं. पर पाहुणा दारात उपाशी, अन आम्ही घरात बसून चहा प्यायचा? हे कसं दिसंल? लोकाला काय तोंड दावायचं?"

"मग तुम्हीबी पिऊ नका," मी म्हणलं.

मी थकून म्हणले होते, रागात म्हणले होते. त्यानं मात्र ते खरंच धरलं. बैलाच्या पाठीवर थाप मारली. मग म्हणाला, "आस्सं म्हणतीस?" अन पायात चपला घालून गल्लीत गेला.

रविवारी उजाडलं तर गल्लीत धूर नाही.

तुम्ही खेड्यात राहिला नसाल तर कळायचं नाही. सकाळी एखाद्या घरातून धूर निघाला नाही तर शेजारी चौकशीला येतात, कोण गेलं म्हणून. अन इथं आठही घरांत चूल नाही, गॅस नाही, कप वाजला नाही. कौसा दारात हाताची घडी घालून बसलेली. "वन्सं, डोकं दुखायलंय," एवढंच म्हणाली. तिला चहाशिवाय उठता येत नाही, लग्न होऊन आली तेव्हापासून मी बघते. सखूबाईचा म्हातारा तर नुसता येरझाऱ्या घालत होता. "लवकर मोजा म्हणावं, माझा जीव चाललाय!"

पाहुणे सरळ पाण्यावर गेले. कुणी दारात अडवलं नाही. मागून सगळी गल्लीच काठावर येऊन बसली, बिनचहाची, तोंडं सुकलेली. एवढी माणसं अन आवाज नाही. नुसती ऋतुजाची शिट्टी अन हात पाण्यावर आपटल्याचा आवाज.

मास्तर पहिले गेले. आज पट्टा शहाण्यासारखा वागत होता. एक वळसा, दुसरा, तिसरा, शिट्ट्या घाईला आल्या, मास्तरांचे हात चालूच. सखूबाईच्या म्हाताऱ्यानं येरझाऱ्या थांबवल्या. "आरं, हे तर लई दमाचं निघालं," तो म्हणाला. काठाला आले, ऋतुजानं मास्क दाबला, मास्तरांची छाती भात्यासारखी चाललेली. मग एकेक करून बाकीचे. देवयानी शेवटची. तिला दोन मुलं, दिवसभर खुर्चीत बसून नोटा मोजायच्या, मला वाटलं ही आधी थकणार. पण ती थांबेचना. गणपत होडीतून ओरडला, "ताई, पलीकडच्या काठाला जाता का काय!" तेव्हा कुठं काठावरची माणसं हसली, टाळ्या वाजल्या, बाया उभ्या राहिल्या.

तिच्या तोंडावरचा मास्क काढला. ऋतुजानं मशीनकडं बघितलं, परत बघितलं, अन माझ्याकडं वळून नुसती मान हलवली. पाचही झाले. मला रडू आलं, पण मी पदर डोळ्याला नाही, घामाला लावला असं दाखवलं.

देवयानीला बोलायला श्वास नव्हता. तरी पहिला शब्द निघाला तो, "चहा."

अन मग काय विचारता! रामभाऊनं मोठं पातेलं काठावरच आणलं, तीन दगडांची चूल, गूळ घातलेला चहा. आधी पाहुण्यांना, मग गल्लीला. कौसानं पहिला घोट घेतला अन डोळे मिटून बसली. म्हातारा तिसरा कप मागत होता. असा चहा तुम्हाला पैठणला कुठल्या हॉटेलात मिळायचा नाही, शोधू नका.

परत येताना टेम्पोत सगळे एकमेकांच्या खांद्यावर झोपलेले. बिडकीनची भजी राहिली. कढई लागली तेव्हा कुणाला जाग नव्हती अन मला उठवत नव्हतं. घरी आल्यावर जिना चढायला मला दोनदा बसावं लागलं. शकुंतलाबाई वरून बघतच होत्या. "झालं का ठरून?" त्यांनी विचारलं. मी म्हणलं, "झालं. पाचही पसंत."

सोमवारी मशीन परत गेलं. सरांनी मापं धरली, ऋतुजा घरी आली ती चप्पल न काढताच माझ्या गळ्यात पडली. आता रोज पहाटे उठून लिहीत बसते. मी तीन दिवस तेल चोळून पडून होते, अन पडल्या पडल्या हसत होते. सून म्हणते, आत्याबाईंना काय झालंय. काय सांगू तिला? एवढी वर्षं मला वाटायचं की माहेर म्हणजे आपल्याला जे पोटभर खाऊ घालतं ते. त्या सकाळी आठ घरं माझ्या नातीसाठी उपाशी बसली, तेही खाऊ घालण्यासारखंच होतं, त्याच्याहून थोडं जड. कौसाला मी फोन करून हे सांगितलं. ती म्हणाली, "आवो वन्सं, परत असलं काही सांगू नका, माझं डोकं दोन दिवस दुखायचं राहिलं नाय."

सांगावं लागणार आहे. पावसाळ्यात ह्या लोकांचा समुद्र खवळलेला असतो, फळ्या घरात पडून राहतात. तेवढ्यात अंगातला दम किती उतरतो तेही मोजावं, असं सरांनी ऋतुजाला म्हणलंय, मशीन द्यायलाही कबूल झालेत. पाहुणे आनंदानं हो म्हणाले, मास्तर तर नातवालाही आणणार आहेत. पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीला, म्हणजे बैलांनासुद्धा दुसऱ्या दिवशीच्या घरोघरच्या पुरणपोळीचं आवतण देतात त्या सांजेला, दिवे लागायच्या आत येतो म्हणालेत.